गावानं वाचलेलं गोपनीय पत्र

माझ्याबद्दल चार बरे शब्द लिहून देतील अशी तीन माणसं हवी होती आणि मुदत सत्तेचाळीस दिवसांची होती. मला वाटलं, एक दिवस लागेल. उरलेले सेहेचाळीस दिवस बसून काय करायचं?

अर्ज कॅनडातल्या एका दंत महाविद्यालयात केला होता. नाव सांगत नाही, कारण त्यांनीही माझं नाव कुठं सांगितलं नसणार. आपली बीडीएसची पदवी तिथं पुरत नाही. दोन वर्षं पुन्हा शिकावं लागतं, मग तिथल्या तोंडांना हात लावू देतात. त्यासाठी एक परीक्षा असते. ती मी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालो होतो आणि त्या गुणांची मुदत यंदा संपत होती. म्हणजे यंदा गेलो तर गेलो. नाही तर तेलंगणातल्या आमच्या बोथच्या बसस्टँडसमोर डॉ. पंकज यांच्या दवाखान्यात, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन एक बोटभरच उघडणाऱ्या तोंडांना "अजून थोडं उघडा, काका" म्हणत जन्म काढायचा. चौथ्यांदा तो पेपर द्यायची धमक माझ्यात नव्हती. एवढं वाक्य मी गंभीरपणे लिहिलं आहे, याची नोंद घ्यावी.

कॉलेजचे नियम असे होते. एक पत्र शिकवलेल्या प्राध्यापकाचं. एक, ज्याच्या हाताखाली काम केलं त्या दंतवैद्याचं. आणि एक अशा माणसाचं, जो दातांच्या धंद्यातला नाही, नातेवाईक नाही आणि पाच वर्षांपासून मला ओळखतो. सगळं जग ऑनलाईन झालं असताना या कॉलेजला पत्रं इंग्रजीत, कागदावर, वेगवेगळ्या बंद पाकिटांत, पाकिटाच्या झाकणावर आडवी सही मारून हवी होती. पत्रं गोपनीय. मी ती वाचणार नाही असं मलाच लिहून द्यायचं होतं. मी दिलं. सही करताना मनात आलं, वाचायचं कशाला? आपण कसे आहोत हे आपल्याला काय माहीत नाही?

आमचे बाबा, नागनाथ, महसूल खात्यात हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. 'कागदावर' आणि 'सही' हे दोन शब्द ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते माझ्या पदवीदान समारंभालाही आलं नव्हतं. त्यांनी कपाटातून नवी फाईल काढली, तिच्यावर 'मिसल: हर्षदीप, कॅनडा' असं लिहिलं आणि आत एक कोरा कागद ठेवला. रिकामी मिसल त्यांना बघवत नाही.

समोर केशवरावांचं किराणा दुकान आहे. आमच्या घरात शिंक आली तर तिकडून "सुंठ देऊ का?" येतं. पत्रांची गोष्ट त्यांना माझ्या मायनं सांगितली; ती त्यांच्याकडं फक्त हळद आणायला गेली होती.

"तीनच?" केशवराव रस्ता ओलांडून आले. "अरे, तीस आनून देतो. सरपंच आपला, मार्केट कमिटीचा चेअरमन आपला. शिफारस म्हंजे वजनदार मानसाची पाह्यजे."

"काका, त्यांनी मला ओळखायला पाह्यजे ना."

"तुले ओळखून ते काय करतीन? त्यानं कॅनडावाल्याले ओळखलं पाह्यजे."

चार दिवसांत केशवरावांनी अकरा पत्रं गोळा केली. एक जिनिंग मिलच्या लेटरहेडवर होतं. त्यावर कापसाची बोंडं छापलेली होती आणि खाली 'सदर इसम आमच्या माहितीप्रमाणे कोणत्याही चोरीत सापडलेला नाही' एवढं एकच वाक्य होतं. एक पत्र 'मा. मुख्यमंत्री, कॅनडा' यांच्या नावे होतं. एकात माझी बदली घराजवळच्या मंडलात, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यात, करावी अशी विनंती होती. मी घरातच राहतो. यापेक्षा जवळ म्हणजे फक्त माजघर.

मी ती फेकायला निघालो तर बाबांनी हात धरला. "फेकायचं नाई. शिक्का हाय त्याच्यावर." अकराही पत्रं मिसलीत गेली. मिसल जाड झाली. बाबा शांत झोपले.

मी खऱ्या कामाला लागलो. पहिलं पत्र प्राध्यापकांचं. आमचं कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात, बसनं पाच तास. मला चार वर्षं शिकवलेले सर त्यांच्या केबिनमध्ये होते. मी पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ, एक्स-रे धूसर आल्यावर बघतात तसं बघितलं.

"चंचल ना तुम?"

"नाही सर, हर्षदीप. चंचल मुलगी होती."

"हां हां, वहीच." सरांनी ते प्रकरण तिथंच मिटवलं. "लेटर होना? तुम लिख के लाओ बेटा, मैं साइन मार देतौं."

हे काही नवीन नाही. आपल्याकडं पत्र असंच मिळतं. ज्याची तारीफ करायची त्यानंच ती लिहून आणायची, मोठ्या माणसानं फक्त सही करायची. मोठ्या माणसांना वेळ नसतो. फक्त मला प्रश्न पडला की, वाचणार नाही म्हणून सही केलेलं पत्र लिहायचं कसं? शेवटी मी स्वतःची समजूत घातली. वाचायचं नाही असं लिहून दिलं होतं. लिहायचं नाही असं कुठंच लिहून दिलं नव्हतं.

कॉलेजसमोरच्या हॉटेलात बसून मी स्वतःची स्तुती लिहायला घेतली. पहिला तास 'मेहनती' या शब्दापुढं गाडी सरकली नाही. माणूस स्वतःबद्दल दिवसभर मनात चांगलं बोलत असतो, पण लिहायला बसला की समोर माय उभी राहते आणि विचारते, "खरंच काय रे?" तीन चहांनंतर दीड पान झालं. सरांनी पेन काढलं, पत्रावरून एकदा नजर फिरवली, 'अत्युत्तम विद्यार्थी' मधला 'अत्युत्तम' खोडून वर 'बरा' लिहिलं आणि सही केली. चार वर्षं त्यांच्या हाताखाली घालवली. त्यातून त्यांचा स्वतःचा असा एवढाच शब्द मिळाला.

परतीच्या पाच तासांत मी त्या शब्दाचा सगळ्या बाजूंनी विचार केला.

दुसरं पत्र डॉ. पंकज यांचं. दवाखाना त्यांचा, पण ते बाजाराच्या दिवशी आणि रविवारी येतात, कॅप बसवतात आणि जातात. उरलेले दिवस, उरलेले दात आणि उरलेली माणसं माझी. आजूबाजूच्या तीन मंडलांत बसून दात बघणारा दुसरा कोणी नाही. मी विषय काढला तेव्हा ते कॅपला सिमेंट लावत होते.

"तू गेला तर दाढा कोन काढीन?"

"कोणी तरी मिळेल सर."

"कोन? बोथमंदी बीडीएस झालेला मानूस मले दाखव. एक मी, एक तू. मी काढत नाई."

दुसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस नसतानाही ते आले. चेहरा उजळलेला होता. "म्या रातभर विचार केला. मीबी अर्ज करतो. परीक्षेचं मंग पाहू. तुले पत्र मी देतो, मले तू दे. दोन्ही तूच लिही, तुह्या हाताले वळन हाय."

अशा रीतीनं मी माझ्या मालकाच्या कामावर देखरेख केलेला वरिष्ठ दंतवैद्य झालो. गंमत अशी की स्वतःबद्दल लिहिताना पेन अडत होतं, डॉ. पंकज यांच्याबद्दल लिहायला बसलो आणि शब्द सैल झालेल्या दातासारखे आपसूक बाहेर आले. 'त्यांच्या हातांत एक शांत करुणा आहे. वेदनेनं कळवळणारा रुग्ण त्यांच्या खुर्चीत बसताक्षणी निम्मा बरा होतो.' हे वाचून डॉ. पंकज स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

"हे लई खरं हाय. हे तुह्याबी पत्रात टाक. तुले काऊन कमी?"

मी टाकलं. नाही म्हणायला हवं होतं. पण ते मला पहिल्यांदाच काही तरी देत होते.

त्यांनी मात्र माझं पत्र काळजीपूर्वक वाचलं. 'उमेदवारातला एखादा दोष' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'कामात इतका बुडतो की जेवायचं भान राहत नाही.' ते म्हणाले, "हे खोटं हाय. तुहा डबा साडेबाराले उघडते." आणि तिथं 'रुग्णांशी गरजेपेक्षा जास्त बोलतो' असं लिहून सही केली. दोन पत्रं झाली होती. दोन्ही मी लिहिली होती आणि दोन्हींत मी एकेक पायरी खाली उतरलो होतो.

तिसरं पत्र कोणाचं, हा प्रश्न मायनं सोडवला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दीपमाला मॅडमले इचार."

बाबांनी ताट बाजूला सारलं. मीही.

बाबांची नोकरी तिकडं असताना भीमपूरच्या मराठी शाळेत दीपमाला मॅडमनी मला सहावीपासून दहावीपर्यंत इंग्रजी शिकवलं. मॅडमचे यजमानही मास्तर. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी सर गालाच्या आत चट्टा आलाय म्हणून दाखवायला आले. सगळे म्हणत होते, मिरचीनं झालंय. मी म्हणालो, मिरची नाही सर, नागपूरला जा, याच आठवड्यात जा. सर म्हणाले, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं. मग भाचीचं लग्न होतं. मग नागपूर. कॅन्सरवरचे विजेचे शेक झाल्यावर तोंड सोलून निघतं, पाणीही झोंबतं. मी दर रविवारी भीमपूरला जाऊन सरांचं तोंड साफ करून यायचो. गेल्या वर्षी होळीच्या आधी सर गेले. या भागात मला विनोद सुचत नाही. दोनदा प्रयत्न केला.

तर त्या घरी जाऊन 'माझ्याबद्दल चांगलं लिहून द्या' म्हणायचं, म्हणजे त्या रविवारांची पावती मागायला गेल्यासारखं होतं. आठ दिवस मी टाळलं. मग मुदतीला तेरा दिवस उरले आणि लाज थोडी कमी झाली. लाजेचा आणि मुदतीचा असा संबंध असतो.

मॅडम अंगणात बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि पिशवीतून कागद काढला. "तुमाले तरास नको म्हणून मी लिहूनच आणलंय, मॅडम. फक्त सही."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "हर्षा, दहावीत निबंधाला किती पडले होते तुला?"

"दहापैकी चार."

"त्यातले दोन मी अक्षराला दिले होते. आणि तू लिहिलेलं मी माझ्या नावानं कॅनडाला पाठवू?"

त्यांनी माझा कागद घडी घालून मला परत केला आणि आत गेल्या. मी दोन तास अंगणात बसलो. शेजारची शेळी माझ्याकडं बघत होती. तिला बहुधा माझी ओळख पटली होती. मॅडम बाहेर आल्या तेव्हा पाकीट चिकटवलेलं होतं आणि झाकणावर आडवी सही होती, शाळेच्या हजेरीपटावर असायची तशी, एकही अक्षर न गाळलेली.

"जाऊन ये," त्या म्हणाल्या. कुठं, ते म्हणाल्या नाहीत.

तिन्ही पाकिटं मी घरी आणून टेबलावर ठेवली आणि दवाखान्यात गेलो. ही माझी चूक. आमच्या घरात कागद टेबलावर ठेवणं म्हणजे मांजरीसमोर दूध ठेवणं.

बाबांची बाजू सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्या जातीच्या दाखल्याची मूळ प्रत एका दफ्तरात हरवली. नक्कल काढून ठेवली नव्हती. "दाखला नाही म्हंजे जात नाही, जात नाही म्हंजे जागा नाही," असं त्यांना टेबलापलीकडून ऐकवण्यात आलं. एरवी ज्यांना आमची जात दुरून दिसायची, त्यांना त्या दिवशी ती दिसेना. दोन वर्षं ते "रेपु रा", म्हणजे उद्या ये, हे तेलुगू वाक्य ऐकत हिंडले. तेव्हापासून नक्कल काढल्याशिवाय आमच्या घरातून एक चिठोरा बाहेर जात नाही. माझ्या बहिणीच्या लग्नपत्रिकेचीही साक्षांकित प्रत आहे.

तर बाबांनी इडलीपात्राच्या वाफेवर तिन्ही पाकिटं उघडली. हलक्या हातानं, कागद न फाडता. तीस वर्षांचा अनुभव होता. मग नागेशच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन प्रत्येकी तीन प्रती काढल्या. मग साक्षांकनासाठी गॅझेटेड अधिकारी हवा म्हणून त्या दिवशी हजर असलेला एकमेव गॅझेटेड अधिकारी गाठला, तो म्हणजे जनावरांचा डॉक्टर. ते बाहेर एका म्हशीला सुई देत होते. त्यांनी हात पुसले आणि हिरव्या शाईनं नऊ प्रतींवर सह्या केल्या. आणि मग, बाबांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून, भरात येऊन त्यांनी तिन्ही मूळ पत्रांवरही गोल शिक्का मारला: 'पशुवैद्यकीय दवाखाना.'

बाबांनी पाकिटं खळ लावून पुन्हा चिकटवली. दोन पाकिटांचं जमलं, तिसऱ्याचं झाकण केसभर सरकलं. मॅडमची सही भूकंप चालू असताना केल्यासारखी दिसू लागली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी दवाखान्यातून निघालो तर रस्त्यात जो तो माझ्याकडं, घरात कोणी वारल्यावर बघतात तसा बघत होता. केशवराव दुकानाची पायरी उतरून आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा माणूस गिऱ्हाईक असताना पायरी उतरत नाही.

"मनाले लावून घेऊ नको, हर्षा. चांगलंच लिहिलं मॅडमनं. लई चांगलं. फक्त शेवटी लिहिलं, याले घेऊ नका."

"काय?"

"घेऊ नका म्हने. इथं दुसरं कोनी नाई म्हने. माह्यं मत इचारशीन तर, बाई खरं बोलली."

मी तसाच नागेशकडं गेलो. "तू गोपनीय पत्र वाचलंस?"

"वाचलं नाई भाऊ," नागेश म्हणाला. "झेरॉक्स काढताना डोये उघडे होते फक्त." मग त्यानं हळूच जोडलं, "एक नक्कल काळी आली होती. ती रद्दीत टाकली. रद्दीतून कोनी नेली असंल तर माह्या हातात नाई."

दोन दिवसांत गावात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, पोराचं नशीब उघडत होतं, मॅडमनं कडी लावली. दुसरा म्हणे, बरं झालं, माझी खालची दाढ अजून राहिली आहे. दाढ राहिलेल्यांचं बहुमत होतं. न्हाव्याकडं, पानठेल्यावर, बँकेच्या रांगेत पत्रातली वाक्यं तोंडपाठ म्हटली जाऊ लागली. मायला नागेशनं वाचून त्याचा अर्थ सांगितला होता. ती चुलीपाशी डोळे पुसत म्हणाली, "कोनी कोनाबद्दल असं लिहिलेलं म्या कदी ऐकलं नाई," आणि मला रागावून रडतेय की कौतुकानं, ते कळेना. डॉ. पंकज यांनी फोन करून एवढंच विचारलं, "माह्याबद्दल काई नाई ना त्याच्यात?"

संपूर्ण गावात ते पत्र न वाचलेला माणूस मी एकटा होतो. नकला घरात होत्या, मिसलीत, दुसऱ्या कप्प्यात. मी हात लावला नाही. सही केली होती. हसणाऱ्यांनी हसावं, पण माझ्या बापानं एका कागदापायी दोन वर्षं मारलेले हेलपाटे मी ऐकले होते, आणि माझ्या सहीचा कागद सात समुद्रापलीकडं कोणाच्या तरी मिसलीत होता.

बाबा मात्र खचले होते. तीन दिवस त्यांनी मिसल उघडली नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुसरं पत्र घे. शेवटचा मजकूर काढून. देतीन त्या. म्या उघडलं नसतं तर तुले कळलंबी नसतं."

पाकीट असं पाठवता येणारच नव्हतं. झाकणावर नवी सही लागणार होती. मुदतीला सात दिवस होते आणि कुरिअरला पाच लागत होते. मी भीमपूरला गेलो.

मॅडमनी पाकीट हातात घेतलं, आपली थरथरलेली सही बघितली.

"कोणी उघडलं?"

"बाबांनी. नक्कल काढायला."

"तू वाचलंस?"

"नाही मॅडम."

"आणि गावानं?"

"गावानं वाचलं."

त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाल्या, "काय म्हणतात?"

"नागेश म्हणतो, एक स्पेलिंग चुकलंय."

"कोणतं?" मॅडम ताठ झाल्या. बाकी कशानं नाही, यानं त्यांचा चेहरा उतरला. पाकीट फोडून त्यांनी पत्र काढलं, शोधलं, पेनानं नीट केलं. मग पशुवैद्यकीय शिक्क्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"हर्षा," त्या म्हणाल्या, "शेवटचा परिच्छेद काढून नवीन लिहून देते. दहा मिनिटांचं काम आहे. तू फक्त सांग."

आता यात अवघड काय होतं? 'काढा' एवढा एकच शब्द. मी तो तोंडात तयार ठेवून बसमध्ये दीड तास बसलो होतो. पण काढा म्हणायचं, तर आत काय आहे ते मला माहीत आहे असं कबूल करणं आलं. आणि वाचणार नाही असं तर मी लिहून दिलं होतं. हे एक झालं. दुसरं असं की, पहिलं पत्र माझं, दुसरं पत्र माझं. हेही मी सांगेन तसं लिहिलं गेलं, तर अख्ख्या जगात माझ्याबद्दल माझ्याशिवाय कोणीच काही लिहिलेलं नसणार. हे दुसरं मला तेव्हा एवढं नीट सुचलं नव्हतं.

"आत काय आहे ते मला माहीत नाही, मॅडम," मी म्हणालो. "जे असंल ते राहू द्या."

मॅडमनी माझ्याकडं, निबंध तपासताना बघायच्या तसं बघितलं. मग नवं पाकीट काढलं.

तीन पाकिटं माझी आणि तीन डॉ. पंकज यांची एकाच खोक्यातून, एकाच कुरिअरनं गेली. सोय म्हणून.

सहा आठवड्यांनी ईमेल आला. परदेशी लोक नकारसुद्धा इतक्या प्रेमानं देतात की दुसऱ्यांदा वाचेपर्यंत माणूस पेढे आणायला निघालेला असतो. मजकूर साधारण असा होता: आपली पहिली दोन पत्रं आणि आपण डॉ. पंकज यांना दिलेलं पत्र एकाच हाताची आहेत असं समितीचं मत झालं, कारण तिन्हींची भाषा एकच आहे आणि दोघांच्याही हातांत एक शांत करुणा असल्याचं त्यांत म्हटलं आहे. ही तिन्ही पत्रं बाजूला ठेवण्यात आली. आपलं तिसरं पत्र मात्र समितीनं बैठकीत मोठ्यानं वाचलं. इतकं खरं पत्र आमच्याकडं बऱ्याच वर्षांत आलेलं नाही. तेव्हा विश्वास ठेवण्याजोगी एकच शिफारस आमच्यासमोर उरली आणि तिचा मान राखून आपल्याला प्रवेश देता येत नाही. ता. क. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनाही आमचे आभार कळवावेत.

डॉ. पंकज यांनाही नकार आला होता. त्यांच्या पत्रात 'खरं' हा शब्द कुठंच नव्हता. ते दोन बाजार दवाखान्यात आले नाहीत. तिसऱ्या बाजाराला आले, हात धुतले आणि म्हणाले, "चल, कोन हाय?"

आता सहीचं बंधन संपलं होतं. बाबा घरात नसताना मी मिसल उघडली. अकरा शिफारशींच्या खाली, हिरव्या शाईच्या आड, मॅडमचं अक्षर होतं. अडीच पानं. सगळं सांगत नाही, गावाला माहीतच आहे. 'खरं सांगणारे डॉक्टर मी तीन पाहिले,' त्यांनी लिहिलं होतं. 'खरं सांगून पुढच्या रविवारी परत येणारा एकच पाहिला.' आणि शेवटी: 'तो तुमच्याकडं नक्कीच चांगला शिकेल. तरीही माझी विनंती आहे की त्याला घेऊ नका. इथली तोंडं बघायला दुसरं कोणी नाही. हे लिहिल्याबद्दल तो मला माफ करील की नाही, ठाऊक नाही. त्याला वाचायची मनाई आहे, हे बरं आहे.'

बाबांनी नकाराच्या ईमेलचीही नक्कल काढली होती, नागेशकडूनच. त्यामुळं भीमपूरला काय कळवावं, हा प्रश्न मला पडला नाही.

त्या आठवड्यात मॅडम आल्या. वरची कवळी सैल झाली, नवी करायची, म्हणाल्या. बाहेर बाकड्यावर सात-आठ माणसं होती. सगळ्यांच्या माना आत वळल्या. मॅडम खुर्चीत बसल्या, पदर नीट केला, चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हर्षा, मला तुझ्याशी—"

"आधी माप घेऊ, मॅडम. मटेरियल कालवलंय, थांबत नाही ते."

मी ट्रे भरला, त्यांच्या टाळूला लावला आणि धरून ठेवला. त्या काही तरी म्हणाल्या. ट्रे तोंडात असताना सगळ्यांचं बोलणं सारखंच ऐकू येतं. शिव्याही तशाच आणि मंत्रही तसेच. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पुन्हा काही तरी म्हणाल्या.

"बोलू नका, मॅडम. माप बिघडंल."

ते मटेरियल तीन मिनिटांत घट्ट होतं. मी पाच मिनिटं धरून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ट्रे टाळूला मागं लागला की पाणी येतं, पुस्तकात तसं स्पष्ट दिलेलं आहे. परीक्षेत मला तो प्रश्न तिन्ही वेळा आला होता.